कधीपासून, ते आधी सांगा

सुलोचनाकाकू बिरादार यांच्या दुकानात जाऊन नुसतं "प्लग द्या" म्हणायची सोय नव्हती. दुकान मोटारीच्या सुट्या सामानाचं, सिकंदराबादेत राणीगंजच्या बाजूला. काकूंच्या पाठीमागं प्लगचे खोके छतापर्यंत रचलेले असत. तरीही कुणी प्लग मागितला की काकू खोका काउंटरवर काढत, त्यावर पालथा पंजा ठेवत आणि विचारत, "क्या हो रा गाडी कू?"

"मिसिंग मार री अम्मा."

"कब से?"

"परसों से."

"परसों बोले तो? बोनालू के पहले से, की बाद से?"

गिऱ्हाईक वैतागायचं. त्याला प्लग हवा असायचा, उलटतपासणी नको असायची. परसोंवरून बाई थेट आषाढातल्या बोनालूच्या सणावर कशा पोचल्या, असं तुम्हालाही वाटेल. जरा दम धरा. त्या 'परसों'वरूनच पुढचं सगळं रामायण झालं.

आधी मिसिंग म्हणजे काय ते सांगते, कारण हा शब्द आमच्या हैदराबादेत मालकापासून मेकॅनिकपर्यंत सगळे वापरतात. मोटारीच्या इंजिनात बहुतेक चार सिलिंडर असतात. प्रत्येकात आळीपाळीनं प्लगची ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं आणि गाडी पुढं जाते. त्यातल्या एखाद्यात पेटायच्या वेळी पेटलं नाही की इंजिन अडखळतं, गाडी उचकी लागल्यासारखी हिसके देते. याला काकूंनी एकदा मला घरगुती भाषेत समजावलं होतं. म्हणाल्या, "चार भाऊ मिळून औत ओढतात. एक मधीच बसला की बाकीच्या तिघांची फरफट. आता तो कामून बसला? उपाशी हाय, का आजारी हाय, का रुसलाय? ते न बघता त्याला हाकलून नवा भाऊ आणायचा, ही कुठली रीत?"

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्या लहानपणी झाली, वडिलांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवरून. वडील अफझलगंजला नोकरीला होते, स्वभावानं तापट आणि बोलायला कमी. त्यांनी प्लग मागितला. काकू म्हणाल्या, "सामान सांगू नका, दुखणं सांगा." वडील उखडले. "अहो बाई, तुम्ही विकायला बसलात की वैद्यकी करायला?" काकूंनी पापणीही न हलवता सांगितलं, "दोन्ही." वडील त्या दिवशी प्लग न घेता परतले, महिनाभर त्यांच्या नावानं बोटं मोडत राहिले आणि मग जन्मभर दुसऱ्या कुठल्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

काकू मूळच्या उदगीरकडच्या, शेतकरी घरातल्या. लग्न होऊन इकडं आल्या. दुकान नवऱ्यानं थाटलेलं. तो अचानक गेला तेव्हा दिरांनी गोड बोलून सुचवलं की वहिनी, हे बायामाणसांचं काम नव्हे, दुकान फुंकून टाकू. काकू दुसऱ्या दिवशी शटर उघडून आत जाऊन बसल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि चष्म्याला दोरीऐवजी इंजिनात वापरतात ती बारीक रबरी नळी. हमालाशी तेलुगू, गिऱ्हाइकाशी दखनी, माझ्याशी मराठी आणि राग आला की तिन्ही एकदम. राग तर रोजच येई. एखादा मेकॅनिक "सगळंच बदलून टाकू ना, कटकट नको" म्हणाला की त्या म्हणत, "बदलणं म्हंजे शोधणं नव्हे. आजार म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला. बिचाऱ्या पखालीनं काय केलं हुतं?"

त्या काही देवी नव्हत्या, हेही सांगून टाकते. एकदा एक टॅक्सीवाला घाईत आला होता, गाडीत लग्नाचं वऱ्हाड खोळंबलेलं. काकूंनी त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारून असा काही उभा धरला की तो शिव्या देत समोरच्या दुकानात गेला, प्लग घेतला, बसवला आणि गाडी सुरळीत घेऊन आमच्या समोरून हॉर्न वाजवत गेला. मी म्हणाले, "काकू, त्याचा प्लगच गेला होता की." त्यावर म्हणाल्या, "हौ, प्लगच गेला हुता. पण त्यानं शोधला नव्हता. त्याला नशिबानं लागला हुता." हरणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. धंद्याचं अशानं नुकसान होई, आणि तिथं बसलेला त्यांचा पुतण्या कपाळावर हात मारून घेई.

आता त्या रामायणाकडं वळते. लिहिताना अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या इमारतीत, माझ्याच मजल्यावर, समीर नावाचे एक गृहस्थ राहतात. पुण्याहून आलेले, मोठ्या संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सोबत त्यांच्या आई. माणूस तसा वाईट नाही, गणपतीत पुढं असतो, आरत्या पाठ आहेत. त्यांच्या गाडीवर यादगिरी नावाचा ड्रायव्हर होता. यादगिरी आमच्या इमारतीत आणखी तीन-चार घरांच्या गाड्या चालवायचा, कुणाची सकाळी, कुणाची फक्त रविवारी. मुलांना शाळेत सोडणं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं, घराच्या किल्ल्या सांभाळणं, सगळं त्याच्यावर. ही सगळी कामं एका गोष्टीवर चालतात, ती म्हणजे नाव. ते एकदा गेलं की माणूस फाटकाच्या बाहेर.

दसऱ्यानंतर समीर यांची गाडी भर रस्त्यात हिसके देऊ लागली, समोर पिवळा दिवा लागला. गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं यंत्र जोडलं, यंत्रानं दाखवलं की तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. एवढ्यावर त्या मुलानं ठोकून दिलं, "पेट्रोलमध्ये भेसळ असणार सर. चारही प्लग, चारही कॉइल बदलू, इंजेक्टर धुऊ." उचलली जीभ, लावली टाळ्याला! समीर घरी आले आणि यादगिरीला बोलावून विचारलं, गाडी कधीपासून असं करते आहे. तो बिचारा सरळ मनानं म्हणाला, "परसों से मिसिंग मार री साब. मैं आपकू बोला था."

झालं. पुण्याच्या माणसानं परसों म्हणजे परवा असं धरलं. आणि परवा तर यादगिरी एकटा जाऊन पेट्रोल भरून आला होता. म्हणजे यानंच कुठूनतरी भेसळीचं पेट्रोल भरलं आणि वरचे पैसे खिशात घातले. त्यातून "मी तुम्हाला सांगितलं होतं" म्हणतो, म्हणजे धडधडीत खोटं, कारण परवा तर हा काहीच बोलला नव्हता. समीर यांनी त्याला तिथल्या तिथं काढून टाकलं आणि इमारतीच्या ग्रुपवर नाव, फोटो घालून लिहिलं, 'हा माणूस पेट्रोलमध्ये अफरातफर करतो, सर्वांनी सावध राहावं.' खाली अंगठ्यांची रांग लागली. आदल्या दिवशी ज्यांच्या आईला त्यानं हाताला धरून डॉक्टरकडं नेलं होतं, त्यांचाही अंगठा त्यात होता. मी लिहिलं की शहानिशा केली आहे का. त्यावर उत्तर आलं, 'त्यानं स्वतःच कबूल केलंय ताई.' दोन दिवसांत यादगिरीची सगळी घरं सुटली.

सर्व्हिस सेंटरनं सांगितलेल्या कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीपुरती वीज देणारे भाग, बाहेर स्वस्त मिळतील म्हणून समीर यांनी मलाच चांगलं दुकान विचारलं. मी म्हटलं, चला, मी येते. मी त्यांना मुद्दामच नेलं, हे आता सांगायला हरकत नाही.

"चार कॉइल द्या," समीर म्हणाले. काकूंचा पंजा खोक्यावर पडला.

"काय होतंय गाडीला?"

"मिसफायर. तिसरा सिलिंडर. पेट्रोलमध्ये भेसळ होती."

"मशिनीनं सांगितलं की कुठं चुकतंय. कामून चुकतंय, ते कुठं सांगितलं?" काकूंनी चष्मा नाकावर चढवला. "साहेब, टाकी किती तुमच्या गाडीला?"

"एकच."

"पेट्रोल एक, टाकी एक, नळी एक. मग भेसळ असती तर चारी भावांनी रडायला पायजे हुतं. तिसऱ्याच्याच ताटात विष कसं पडलं?"

समीर यांच्यासारख्या शिकलेल्या माणसाला तेवढं गणित कळलं होतं, ते चेहऱ्यावर दिसलं. पण मागं हटायचं नव्हतं. म्हणाले, "ते असू दे. ड्रायव्हरनं काहीतरी केलंय हे नक्की. परवापर्यंत गाडी ठणठणीत होती. परवापासून बिघडली हे त्यानंच कबूल केलंय."

"कोणता शब्द बोलला?"

"परसों."

काकू खुर्चीवरून उठल्याच. एवढा वेळ त्यांनी राग दाबून धरला होता, तो आता आवरेना. "अवो साहेब, हैदराबादचा परसों म्हंजे तुमचा परवा नव्हं! हितं काल झालं तेही परसों, आन् मागल्या साली झालं तेही परसों. माझे मालक जाऊन माझे केस पांढरे झाले. पण अजून जुनं गिऱ्हाईक येतंय आन् म्हणतंय, 'परसों गुजर गए ना सेठ, बहोत बुरा हुआ.' मग मी काय परवापासून विधवा हाय व्हय?"

बाजूच्या दुकानातले लोक डोकावून बघू लागले. समीर यांना वाटलं बाई थट्टा करताहेत. ते मला म्हणाले, "ताई, असं कसं? भाषेचा काही नियम असतो की नाही?" नियम असतो ना. इथं इतकी वर्षं राहायचं, इथली बिर्याणी खायची, इथल्या माणसाकडून गाडी हाकून घ्यायची आणि त्याच्या तोंडचा एक शब्द समजून घ्यायची तसदी घ्यायची नाही, हा कुठला नियम? मी हे तोंडावर बोलले. काकूंनी कॉइलचे खोके फळीवर परत ठेवले आणि म्हणाल्या, "सामान नक्को. चला, गाडी बघू."

भर दुपारी काकूंनी शटर ओढलं. नवरा गेला तेव्हाही दुसऱ्या दिवशी उघडलेलं ते शटर अवेळी बंद झालेलं बघून गल्लीतले लोक विचारू लागले, अम्माची तब्येत बरी आहे ना. आम्ही रिक्षानं इमारतीत आलो. मी यादगिरीला फोन करून बोलावून घेतलं. तो फाटकाबाहेरच उभा राहिला, वॉचमननं त्याला आत सोडलं नाही. रोज ज्या फाटकातून तो सलाम झेलत गाडी काढायचा, तेच फाटक. काकू स्वतः जाऊन त्याला घेऊन आल्या.

"बानेट खोल," त्या म्हणाल्या.

यादगिरीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "मैं हाथ नै लगाता अम्मा. फिर मेरे पे बोलेंगे."

पार्किंगमध्ये तोवर बरीच माणसं जमली होती. मला त्या अंगठेवाल्या प्रत्येकाला धरून ते पाठीमागं गेलेले हात दाखवावेसे वाटले. काकू समीर यांच्याकडं वळल्या. "बरोबर हाय त्याचं. तुमची गाडी, तुमचा हात. काढा तिसरी कॉइल."

समीर यांनी बाह्या वर केल्या. बोल्ट सैल केला, कॉइल उपसली. ती सहज निघेना. निघाली तेव्हा तिच्या खालची रबरी टोपी फुगून मऊ झालेली आणि काळ्याकुट्ट चिकट तेलानं माखलेली होती. ते तेल त्यांच्या मनगटावरून ओघळलं. प्लग बसतो त्या खोबणीत तेल साचलं होतं आणि कडेला त्याचा वाळलेला थर धरला होता. इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं गास्केट, म्हणजे तेल अडवणारी रबरी पट्टी, सुकून फाटलं होतं. तिथून तेल थेंबथेंब झिरपून प्लगपाशी साठत गेलं, रबर कुजलं आणि ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच बाजूला पळू लागली.

"हे तेल परवाचं हाय व्हय साहेब?" काकूंनी विचारलं. मग यादगिरीकडं वळल्या. "तू बोल. परसों बोले तो कब? बोनालू के पहले?"

"पहले, अम्मा. बडी अम्मा कू बेगम बाजार लेके गया था ना, आम के अचार का मसाला लाने, तब से. तबीच बोला साब कू. साब बोले, सर्व्हिस में देखेंगे."

समीर यांच्या आई गर्दीत मागं उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. "अरे हो की! लोणच्याचा मसाला आणायला गेलो तेव्हा पुलावर गाडीनं असे धक्के दिले की माझी मोहरीची पुडी फुटली. घरी आल्यावर मी तुला म्हणालेही होते, समीर. तू फोनवर होतास." मग त्याच म्हणाल्या, "ते लोणचं मुरून संपतसुद्धा आलं रे."

समीर यांनी फडक्याला हात पुसले. "ठीक आहे. थोडा गैरसमज झाला," असं काहीतरी पुटपुटले आणि विचारलं, "गास्केट आहे ना तुमच्याकडे?"

"हाय. देते. आधी लिवा."

"काय लिहू?"

"जिथं लिवलं तिथं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली ना तुमी? आता उतरवा त्याला खाली, चार लोकांदेखत."

समीर यांनी फोन काढला, काहीतरी टाइप केलं. काकूंनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. 'गाडीच्या बिघाडाबाबतचा गैरसमज दूर झाला आहे.' काकू म्हणाल्या, "बदनामी नाव घेऊन आन् माफी बिनानावाची? कुणाची माफी मागितली, गाडीची?" दुसरा मजकूर झाला. त्यात नाव आलं, पण 'चूक' हा शब्द आला नाही. काकू पार्किंगमधल्या कठड्यावर बसून राहिल्या. तिसऱ्या वेळी आई मुलाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि स्वतः सांगत गेल्या, त्याप्रमाणे समीर लिहीत गेले. 'यादगिरीनं काहीही केलेलं नव्हतं. त्यानं उन्हाळ्यातच सांगितलं होतं. चूक माझी.' यावेळी अंगठे आले नाहीत. लोकांना बदनामीला अंगठा द्यायला वेळ असतो, माफीला नसतो. मी एकटीनं दिला.

यादगिरीला घरं परत मिळाली, सगळी नाही, बरीचशी. समीर यांनीही बोलावलं, पगार वाढवतो म्हणाले. यादगिरी काकूंना सांगायला दुकानात आला होता. काकूंनी विचारलं, "फिर? जाता?" तो एवढंच म्हणाला, "नक्को अम्मा." काकूंनी त्याला पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर तो माझी गाडी चालवू लागला.

पुढल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. दुकान पुतण्याकडं आलं. आता तिथं खोक्यावर कुणी हात ठेवत नाही. मागाल ते मिळतं, घरपोच मिळतं. धंदा चांगला चालतो असं ऐकते.

यंदाच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसाद घेताना गप्पा रंगल्या होत्या. समीर आता इमारतीत जुने झालेत, नव्यानं आलेल्या मंडळींना हैदराबादच्या गमती सांगत होते. म्हणाले, "इथं परसों म्हणजे परवा नाही बरं का! एकदा आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं, परसोंपासून गाडी खराब आहे, आणि निघालं काय, तर सहा महिन्यांपासून!" सगळे खो खो हसले. एका बाईंना हसून ठसका लागला. गोष्ट तिथंच संपली. त्या गोष्टीत ना फोटो होता, ना अंगठे, ना फाटकाबाहेर उभा केलेला माणूस. ड्रायव्हरला नाव नव्हतं आणि काकू तर नव्हत्याच. एका माणसाची अब्रू गेली होती, तिचा यांनी विनोद करून टाकला होता!

मी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि म्हणाले, "समीर, पुढचं सांगा ना. तुम्ही ग्रुपवर काय लिहिलं होतं ते सांगा." हसणं थांबलं. समीर म्हणाले, "जाऊ द्या ना ताई, किती जुनी गोष्ट आहे." मी म्हणाले, "जुनी कुठली? परसोंचीच." आणि मग उरलेली सगळी गोष्ट मीच सांगितली, यादगिरीच्या नावासकट, काकूंच्या नावासकट. कुणी हसलं नाही. मोदक तसेच राहिले.

बाहेर जायला खाली आले तेव्हा यादगिरी गाडीपाशी उभा होता. माझा चेहरा बघून म्हणाला, "क्या हुआ मॅडम, झगडा हुआ?"

"काही नाही. सुलोचनाकाकूंची आठवण आली."

त्यानं गाडीचं दार उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. काकूंना जाऊन दोन उन्हाळे उलटले होते. दोन वेळा लोणची घालून झाली होती.

"हौ मॅडम," तो म्हणाला. "परसोंच तो गए अम्मा."